प्रत कुणाच्या हाती?

(भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)

बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय 'मोबाईलमधला खासगी डेटा आणि त्याचा बॅकअप' असा लिहिलाय, आणि खाली वक्ता म्हणून इतिहासाचा माणूस. आत येताना एका गृहस्थांनी मला विचारलंसुद्धा, "सर, बोर्ड चुकलाय का?" बोर्ड बरोबर आहे. सेटिंग कुठे दाबायचं एवढंच ऐकायला जे आलेत त्यांना थोडं थांबावं लागेल, आणि जे शिलाहारांसाठी आलेत त्यांना मध्येच व्हॉट्सॲप ऐकावं लागेल. दोघांनी एकमेकांना सांभाळून घ्या.

सुरुवात एका माणसापासून करतो. नाव सांगत नाही. आमच्या गल्लीच्या मागे लूमचा कारखाना आहे, तिथे तो बारा तासांची पाळी करतो. मूळचा आझमगडकडचा, पस्तिशीतला, भिवंडीत येऊन त्याला पंधरा वर्षं झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी कामवारीचं पाणी बाजारात शिरलं. आपल्याकडे ते दरवर्षी शिरतंच, तीनबत्तीच्या लोकांना विचारा. तर त्या पाण्यातून चालताना खिशातला फोन पडला. सापडला, पण बंद. तांदळाच्या डब्यात तीन दिवस ठेवला, तरी बंदच. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला आणि सांगितलं, बोर्ड गेला.

फोन आठ हजारांचा होता, त्याचं त्याला फारसं वाटलं नाही. त्याची आई आदल्या हिवाळ्यात वारली होती. तिचे सगळे फोटो, तिने गावाहून पाठवलेले आवाजाचे निरोप, सगळं त्या फोनमध्ये. घरी छापील फोटो एकही नाही. तो माझ्याकडे आला आणि मी, म्हणजे शिकलेला शहाणा माणूस, त्याला म्हणालो, "काळजी करू नको, आता सगळं वर जातं. नवीन फोनमध्ये तुझा ईमेल टाकला की फोटो परत येतील."

तो म्हणाला, "कौनसा ईमेल?"

फोन घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोराने आयडी बनवून दिला होता. पासवर्ड त्या पोराने घातला होता, जन्मतारीखही त्यानेच मनाने टाकली होती. दुकान करोनात बंद पडलं, आता तिथे उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे. खूप शोधल्यावर बँकेच्या एका जुन्या फॉर्मवर तो आयडी सापडला: त्याचं नाव आणि पुढे पाच-सहा आकडे. आम्ही तो टाकला. पासवर्ड माहीत नाही म्हटल्यावर पडद्याने सांगितलं, तुमच्या नंबरवर कोड पाठवू. तो नंबर त्याने कधीच सोडलेला. रिचार्ज केला नाही की सिम बंद होतं, आणि बंद झालेला नंबर कंपनी किमान नव्वद दिवस थांबून दुसऱ्याला देऊ शकते. आम्ही त्या नंबरवर फोन लावला. नाशिकच्या एका बाईंनी उचलला. सगळी कहाणी शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "भाऊ, वाईट वाटतं हो, पण मी ओटीपी कोणाला सांगत नाही." बरोबरच आहे त्यांचं. आपण सगळे त्यांना हेच तर शिकवतो.

शेवटी तो मला म्हणाला, "सर, अंगूठा तो मेरा ही है ना?" त्याचं म्हणणं होतं, फोन माझ्या अंगठ्याने उघडायचा, मग हे का उघडत नाही? अंगठा फक्त त्या मेलेल्या फोनपुरता होता, हे त्याला समजावताना मला जड गेलं.

आता बघा, या गोष्टीत बॅकअप झाला नव्हता असं नाही. झाला होता. फोटो कुठल्यातरी सर्व्हरवर सुखरूप होते. प्रत होती, ती ज्याच्या हाती होती त्याच्यापर्यंत जायची वाट तुटली होती. मी घरी आलो आणि मला जाणवलं की हा प्रश्न मला ओळखीचा आहे. मी ज्या कागदांवर आयुष्य काढलं ते सगळे कागद याच प्रश्नातून वाचलेले किंवा बुडालेले आहेत. म्हणून आजचं व्याख्यान.

आपल्याच तालुक्यापासून निघू. भादाणे हे गाव तुम्हाला माहीत आहे. शके ९१९, म्हणजे इसवी सन ९९७ मध्ये, उत्तर कोकणचा शिलाहार राजा अपराजित याने हे गाव लोणादित्य या देवाला दान दिलं. त्याचा ताम्रपट भिवंडीच्या परिसरात सापडला आणि कीलहॉर्न या जर्मन पंडिताने तो 'एपिग्राफिया इंडिका'च्या तिसऱ्या खंडात छापला. एक हजार वर्षांपूर्वीची, आपल्या तालुक्यातली ही खासगी मालमत्तेची नोंद. हार्डवेअर म्हणून ताम्रपट ही काय चीज होती ते बघा. तांब्याचे पत्रे, त्यांना भोक पाडून कडीत ओवलेले, कडीच्या सांध्यावर राजमुद्रा. अशा पत्र्यांच्या कडा पुष्कळदा थोड्या उचललेल्या असतात, म्हणजे पत्रे एकमेकांवर घासून अक्षरं झिजू नयेत. बाहेरची बाजू बहुधा कोरी सोडतात. तुम्ही फोनला कव्हर घालता आणि काच लावता, तेच हे.

पण मला या ताम्रपटातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. दान अपराजिताचं, पण मजकुरात आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते, राजामागून राजा. शिलाहार हे राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. ९७३ मध्ये चालुक्य तैलपाने राष्ट्रकूटांचं राज्य बुडवलं. म्हणजे हा पत्रा कोरला तेव्हा मूळ मालक जाऊन चोवीस वर्षं झालेली. त्यांची राजधानी गेली, त्यांचं दप्तर कुठे गेलं देव जाणे. आणि इकडे समुद्राकाठचा त्यांचा एक मांडलिक, एका खेडेगावाच्या दानपत्रात, गेलेल्या धन्याची सगळी वंशावळ कोरून ठेवतो आणि ते वैभव आता फक्त आठवणीत राहिलं असं हळहळत सांगतो. आज राष्ट्रकूटांचा क्रम लावताना असे मांडलिकांचे पत्रेही कामाला येतात. प्रत दुसऱ्या घरी होती म्हणून राहिली. मांडलिकाने ती प्रेमाने ठेवली की स्वतःची प्रतिष्ठा वाढवायला ठेवली, ते मला माहीत नाही. मला वाटतं, दोन्ही.

आणखी एक ताम्रपट सांगतो, हा लांबचा आहे, आसामकडचा. सातव्या शतकातला कामरूपचा राजा भास्करवर्मा, हर्षवर्धनाचा मित्र. त्याचा निधनपूर ताम्रपट म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या पूर्वजाने ब्राह्मणांना जमीन दिली होती, ते पत्रे आगीत जळाले. पत्रा नाही म्हटल्यावर जमिनीवर सारा लागू झाला. तेव्हा भास्करवर्म्याने नवे पत्रे करून दिले, आणि शेवटी चक्क लिहिलं की जुने जळाल्यामुळे हे नव्याने लिहिलेत, अक्षराचं वळण वेगळं दिसेल, म्हणून हे बनावट समजू नका. याला म्हणतात रिस्टोअर! नुसता मजकूर परत आणला नाही, परत आणलाय हे सांगितलं, आणि ते सांगणारा माणूस मान्यताप्राप्त होता. आपल्याकडे हाच अधिकार हल्ली डिजिलॉकरला मिळालाय. ते २०१५ साली सुरू झालं, आणि २०१७ पासून नियमाने त्यातून मिळालेला दाखला मुळासारखाच धरायचा आहे. तुम्ही आधार कार्डाचा फोटो काढून गॅलरीत ठेवता तो मात्र नुसता फोटो.

आता ठाण्याला जाऊ. अंजूरफाट्याला अडकला नाहीत तर अर्ध्या-पाऊण तासात पोचाल. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली ज्यांच्या पुढाकाराने उभं राहिलं ते विनायक लक्ष्मण भावे. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे. घरचा धंदा मिठागरांचा, आणि नाद जुन्या पोथ्यांचा. या भाव्यांनी १९१९ आणि १९२० मध्ये दोन भागांत तुकारामांची गाथा छापली आणि तिला 'अस्सल' म्हटलं. अस्सल कशावरून? तर संताजी तेली जगनाडे यांच्या घराण्यात राहिलेल्या वह्यांवरून.

वह्या इंद्रायणीत बुडवल्याची आणि तेरा दिवसांनी वर आल्याची गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. मी एवढंच म्हणेन की पाण्यात काहीही घडलं असो, चाकणच्या एका तेल्याच्या घरी तुकोबांचे अभंग कोरड्या कागदावर होते. तुकोबा देहूचे, संताजी चाकणचे. घाणा चालवणारा माणूस, हिशेबाला लागतं म्हणून लिहिता येणारा. तो कीर्तनात मागे उभा राहायचा आणि अभंग उतरून घ्यायचा. पुढे जगनाड्यांच्या पिढ्यांनी त्या वह्या जपल्या, त्यांना कोणी पगार देत नव्हतं. अभंग लोकांच्या तोंडीही होतेच, आणि वाचण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण तोंडी राहिलेली ओळ फिरते, बदलते. कागदावरची ओळ निदान आपली चूक लपवत नाही.

ती फिरण्याची गोष्ट एकनाथांना चांगली माहीत होती. ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर तीनेकशे वर्षांत प्रतींवर प्रती झाल्या आणि प्रत्येक हाताने थोडं थोडं बदललं. शके १५०६, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती एकत्र करून पाठ शुद्ध केला. म्हणजे प्रती पुष्कळ होत्या, तरी कोणीतरी बसून त्या ताडून पाहाव्या लागल्या. हे वाक्य लक्षात ठेवा, मी त्यावर परत येणार आहे.

त्याआधीची, मला सगळ्यात जवळची वाटणारी गोष्ट महानुभावांची. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. कसं? ज्याने पाहिलं त्याच्याकडे जाऊन, त्याला विचारून. तो 'लीळाचरित्र' ग्रंथ. पंथाची परंपरा सांगते की पुढे खिलजीच्या फौजा आल्या, पळापळ झाली आणि त्यात मूळ पोथी हरवली. मग ज्यांनी ती ऐकली होती, पाठ केली होती, त्यांच्याकडून ती पुन्हा उभी केली गेली. त्यात हिराइसा या बाईंचं नाव आदराने घेतात. विलक्षण स्मरणशक्तीची बाई. लीळाचरित्राचे जे वेगवेगळे पाठ आज मिळतात, त्यांच्यामागे हे आहे. एका बाईच्या डोक्यात एक अख्खं पुस्तक होतं, म्हणून मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ तुमच्या-माझ्या हाती आहे.

त्या धसक्यातून म्हणा किंवा आपले ग्रंथ नको त्या हाती पडू नयेत म्हणून म्हणा, चौदाव्या शतकात महानुभावांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला घेतल्या. सकळ लिपी म्हणतात. एका अक्षराच्या जागी दुसरं. रवळोबासांचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. किल्ली ज्याला ठाऊक त्यालाच वाचता येणार. व्हॉट्सॲपने २०२१ मध्ये बॅकअपला कुलूप घालायची सोय दिली ती तत्त्वतः हीच: पासवर्ड ठेवा नाहीतर चौसष्ट आकडी किल्ली जपा, हरवली तर कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. महानुभावांचं कुलूप इतकं चांगलं लागलं की पाच-साडेपाचशे वर्षं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला हे वाङ्मय आहे याचाच पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे आणि आपले ठाण्याचे भावे यांच्या खटपटीने ते बाहेर आलं. पण एक बघा. किल्ली हरवली नव्हती. मठांमध्ये गुरूकडून शिष्याकडे ती चालत आली होती. किल्ली एकाच माणसाजवळ असती, तर आज आपल्याकडे न वाचता येणाऱ्या पोथ्यांचे गठ्ठे असते.

थोडं पाणी घेतो.

तर आता आपल्या खिशातला इतिहास. तो लहान आहे, पण वेगाने घडला. मोबाईल आले तेव्हा आपल्याकडे जपण्यासारखं त्यात होतं काय? नंबर. तेही सिमकार्डावर, साधारण अडीचशे बसायचे. आणि घरी फोनच्या टेबलावर डायरी असायचीच, बाबांच्या अक्षरातली, 'ग' च्या पानावर गॅसवाला. फोन हरवला तरी डायरी होती. आपल्या नकळत आपण दोन प्रती ठेवत होतो. मग मेमरी कार्ड आलं. भिवंडीत गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, 'गाणी भरून मिळतील'. ते कार्ड काढून दुसऱ्या फोनात घालता यायचं; माझ्या मते सामान्य माणसाला समजलेला तो शेवटचा बॅकअप. हातात धरता यायचा, डबीत ठेवता यायचा.

२०१५ साली गुगल फोटोज आलं आणि हवे तेवढे फोटो फुकट ठेवा म्हणाले, थोडे दाबून लहान केलेले. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या, आणि लूमवरच्या माणसापासून वकिलापर्यंत सगळ्यांचे फोटो न सांगता वर जाऊ लागले. डायरी कधी बंद झाली कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग १ जून २०२१ पासून फुकटची मर्यादा पंधरा जीबीवर आली. व्हॉट्सॲपच्या अँड्रॉइड बॅकअपचं वजन काही वर्षं त्या पंधरात धरत नव्हते. २०२४ पर्यंत तेही धरू लागले. तुमच्यातल्या किती जणांच्या फोनवर 'जागा संपली' असा निरोप येतो? हात वर करा. बघा. आणि तो आला की आपण काय करतो? वर सरकवतो. त्या दिवसापासून तुमचा बॅकअप थांबलेला असतो, आणि तुम्ही तो चालू आहे असं समजून वर्ष काढता.

हे मोठमोठ्यांचंही होतं. १९९८ मध्ये अमेरिकेत पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या फायली कुणाच्यातरी एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता ना? होता. उघडून पाहिला तर तो बराच काळ नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुझमन या तंत्रज्ञ बाईंमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक गाडीतून, ब्लँकेटमध्ये गुंडाळून आणला म्हणतात. एवढी मोठी कंपनी, आणि शेवटी कामाला आली ती घरी राहिलेली प्रत. नाथांचं मघाशी सांगितलं ते इथे आठवा: प्रत ताडून पाहायची असते. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून आपल्या खात्यात शिरून पाहा, कालचा फोटो तिथे दिसतो का. पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक गोंधळ आहे, तो बोलून टाकतो. फोनमध्ये जे आहे तेच वर दिसणं म्हणजे बॅकअप, असं आपण धरतो. पण गुगल फोटोजमध्ये इथे पुसलंत की तिथेही पुसतं. कचऱ्याच्या डब्यात साठ दिवस राहतं, मग जातं. हा आरसा झाला. तुम्ही समोरून हललात की आरशातलाही हलणार. संताजी तेल्याची वही आरसा नव्हती. देहूची वही बुडाली म्हणून चाकणची बुडाली नाही. तेव्हा महत्त्वाचे असतील ते फोटो एकदा पेनड्राइव्हवर नाहीतर हार्डडिस्कवर काढा आणि ती डिस्क त्याच घरात ठेवू नका. आपल्या गावाला हे वेगळं सांगायला लागू नये. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा, कपाटातल्या लग्नाच्या अल्बमचं काय झालं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत ज्यांची घरं जळली त्यांना विचारा, नंतर रेशनकार्डासाठी आणि शाळेच्या दाखल्यासाठी किती खेटे घातले. घर गेलं की त्या घरातल्या सगळ्या प्रती एकदमच जातात.

दुरुस्तीवाल्याचीही बाजू सांगतो, कारण लोक त्याच्याशी भांडतात. पूर्वी बिघडलेल्या फोनची चिप काढून त्यातून फोटो काढता यायचे. २०१५ नंतर हळूहळू नव्या फोनमध्ये आतला डेटाच कुलूपबंद असतो, आणि कुलपाची किल्ली त्याच बोर्डावर. बोर्ड गेला की चिप हातात असून उपयोग नाही. चोरापासून बचाव व्हावा म्हणून हे केलं आणि तो झालाही. पण याचा अर्थ, फोनमधली प्रत ही आता फोनइतकीच टिकाऊ आहे.

मग माझ्या लूमवाल्या मित्राचं काय? त्याची चूक शोधायची मला इच्छा नाही. फोन विकताना आयडी बनवून देणं ही दुकानदाराची सेवा असते, गिऱ्हाईक खूश होतं. पण त्या क्षणी त्या माणसाच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली दुकानात राहते. भिवंडीत असे किती हजार लोक असतील? त्यांच्याकडे बॅकअप आहे, फुकट आहे, रोज रात्री होतोय, आणि तो त्यांचा नाही. आपण इथे बसलेले लोक निदान एक करू शकतो. घरी कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचा वॉचमन, गाडीचा ड्रायव्हर, यांच्यासोबत दहा मिनिटं बसा. आयडी कोणता आहे ते पाहा. पासवर्ड त्यांना स्वतःला बदलायला लावा. नंबर आत्ताचा आहे का ते पाहा. दुसरा नंबर घरच्या माणसाचा टाका. गुगल दोन टप्प्यांच्या पडताळणीसोबत आठ आकडी दहा कोड देतं, एकेक एकदाच चालणारे. ते कागदावर उतरवून गावी बहिणीकडे द्या. हो, कागदावर. मला हसू नका, मी आयुष्यभर कागदच वाचत आलोय.

आणि आपल्या वयाच्या लोकांसाठी: आपण गेल्यावर हे कोणी उघडायचं? गुगलमध्ये २०१३ पासून सोय आहे, खातं अमुक महिने बंद राहिलं तर दहापर्यंत माणसांना कळवायचं आणि हवं तर त्यांना डेटा द्यायचा. ॲपलने २०२१ अखेरीस तशी सोय दिली. माझ्या मुलीचं नाव मी घातलंय. ती म्हणाली, "बाबा, ते चाळीस हजार गुड मॉर्निंग आधी पुसा."

(हशा)

वेळ झाली, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, पासवर्ड वहीत लिहावा का? मुलं नको म्हणतात.

मुलांचं अर्धं बरोबर आहे. वही फोनसोबत पिशवीत घेऊन फिरू नका, आणि बँकेचा पिन त्यात लिहू नका. पण घरात, कपाटात, आणि त्या वहीबद्दल घरातल्या आणखी एकाला माहीत असेल, तर लिहा. साठीनंतर विसरण्याचा धोका चोरीपेक्षा मोठा असतो, असं माझं मत आहे.

प्रश्न: त्या लूमवाल्याला फोटो मिळाले का?

थोडे. त्याची बहीण गावी असते. तिच्या फोनमध्ये त्याने वेळोवेळी व्हॉट्सॲपवर पाठवलेले सतरा फोटो निघाले, दाबून बारीक झालेले, आणि आईच्या आवाजाचा एक निरोप, बावीस सेकंदांचा. त्यात ती त्याला विचारते की पैसे मिळाले, पण तू जेवतोस का. त्यातला एक फोटो आम्ही मंडईजवळ मोठा करून छापला. मोठा केल्यावर चेहरा थोडा फुटतो. बाकीचे फोटो त्या खात्यात आहेत. दोन वर्षं वापर नसलेलं खातं गुगल काढून टाकू शकतं, हा नियम त्यांनी २०२३ मध्ये जाहीर केला. ती दोन वर्षं येत्या जुलैत भरतात. अधूनमधून आम्ही रविवारी बसतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. गेल्या खेपेला त्याला आठवलं की दुकानातल्या त्या पोराचं गाव शहापूरकडे होतं.